अक्ष कुठून कुठपर्यंत?

दहावीच्या गणिताच्या पेपरात आलेखाचा प्रश्न आला, की मुले पेन्सिल टेकवण्याआधी आकडे न्याहाळतात. सगळ्यांत लहान कोणता, सगळ्यांत मोठा कोणता, कागदावर चौकटी किती, हे पाहून मग वरच्या उजव्या कोपऱ्यात ‘प्रमाण : क्ष-अक्षावर १ सेमी = १० एकक’ अशी ओळ लिहितात. प्रमाण चुकले तर रेघ कागदाबाहेर जाते, नाहीतर सगळा आलेख एका कोपऱ्यात चेपून बसतो आणि खोडरबर शोधावे लागते. संगणकावर आलेख काढणारी कोणतीही लायब्ररी नेमके हेच काम करते. फक्त ती कोपऱ्यात कबुलीची ओळ लिहीत नाही. आपण आकडे देतो, ती अक्ष ठरवते आणि चित्र समोर ठेवते. मध्ये काही ठरवले गेले, याचा पत्ताही आपल्याला लागत नाही.

या पुस्तकाचा विषय तेवढाच आहे. आकड्यांचा एक संच हाती आला, तर अक्ष कोणत्या संख्येपासून सुरू करायचा आणि कोणत्या संख्येवर थांबवायचा? प्रोग्रामर मंडळी याला ‘रेंज काढणे’ म्हणतात, आणि मीही तोच शब्द ठेवला आहे. विषय सांगितला की समोरचा हमखास विचारतो, यात पुस्तक लिहिण्यासारखे काय आहे? किमान काढा, कमाल काढा, झाले! माझे म्हणणे असे, की किमान आणि कमाल ही आकड्यांविषयीची माहिती झाली. अक्षाला हवी असते ती पडद्यावर उमटणाऱ्या आकृतीची माहिती. या दोहोंत वाटते त्यापेक्षा बरीच मोठी फट आहे, आणि पुढची बहुतेक प्रकरणे त्या फटीत शिरूनच लिहिली आहेत.

फटीकडे जाण्याआधी किमान-कमालचाच समाचार घेऊ, कारण तेही दिसते तितके गरीब नाही. दशांश संख्यांचे गणित बहुतेक संगणक १९८५ साली ठरलेल्या ‘आयट्रिपलई ७५४’ या मानकानुसार करतात. त्यात ‘नॅन’ नावाचे एक मूल्य आहे. ‘ही संख्याच नव्हे’ असा त्याचा अर्थ. मोजमाप हुकले, शून्याला शून्याने भागले, की नॅन हजर. त्याची तुलना कशाशीही केली तरी उत्तर ‘नाही’ असेच येते, अगदी स्वतःशी केली तरी. आता नवशिक्याचा नेहमीचा कोड पाहा. पहिला आकडा किमान धरायचा आणि पुढचा त्याहून लहान निघाला की बदलायचा. यादीच्या मध्ये नॅन आला तर तो मुकाट्याने वगळला जातो आणि काही बिघडत नाही. पण तो पहिल्याच जागी असला, तर त्याच्याहून लहान असे काही सापडतच नाही. किमान शेवटपर्यंत नॅन राहतो आणि आलेख कोरा. आकडे तेच, फक्त क्रम बदलला, तर अक्ष वेगळा! अशी चूक चाचणीत सापडत नाही, कारण चाचणीचे आकडे आपण स्वच्छ हाताने लिहिलेले असतात.

रिकाम्या यादीचे दुखणे निराळे. जावास्क्रिप्टला काहीही न देता किमान विचारले तर ती ‘अनंत’ म्हणते, आणि कमाल विचारले तर ‘उणे अनंत’. तर्काने ते बरोबरच आहे, पण अक्षाच्या दृष्टीने ही उलटी पडलेली रेंज झाली. जावातल्या जेफ्रीचार्ट या लायब्ररीत ‘रेंज’ नावाचा क्लासच आहे, आणि खालचे टोक वरच्यापेक्षा मोठे दिले तर तो तयारच होत नाही, तक्रार करून थांबतो. रिकाम्या संचासाठी ती रेंजऐवजी ‘नल’ परत देते. हा मार्ग मला जास्त प्रामाणिक वाटतो, जरी त्यामुळे विचारणाऱ्या प्रत्येकाला नलची तपासणी करावी लागते. सीएसव्ही फायलीतून आलेले आकडे अक्षरांच्या रूपातच राहिले तर आणखी गंमत. अक्षरांच्या क्रमात ‘९’ हा ‘१००’ च्या नंतर येतो, म्हणून कमाल निघते ९. डी३ ही लायब्ररी तुलना जशी आहे तशी करते, आपल्या वतीने रूपांतर करत नाही. तिथे हा सापळा आजही नव्या माणसाला गाठतो.

आणि सगळे आकडे सारखेच असले तर? किमान पाच, कमाल पाच, रुंदी शून्य. पुढे कुठेतरी या रुंदीने भागायचे असते. ग्नूप्लॉट हा जुना प्रोग्रॅम (१९८६ पासूनचा) अशा वेळी सरळ इशारा छापतो, की रेंज रिकामी होती म्हणून ती ४.९५ ते ५.०५ केली आहे. त्याचा हा स्वभाव मला आवडतो. त्याने निर्णय घेतला आणि सांगितलाही. अशा वेळी रुंदी किती धरावी याला गणितात उत्तर नाही. एक टक्का धरा, एक एकक धरा, शून्यापर्यंत ताणा. प्रत्येक निवडीतून वेगळे चित्र येते. जवळचाच पण जास्त फसवा प्रकार म्हणजे आकडे जवळजवळ सारखे असणे. यंत्राच्या सूक्ष्म थरथरीमुळे सातव्या दशांश स्थानी फरक पडला, की लायब्ररी तेवढाच फरक पडदाभर ताणते आणि सपाट रेषेच्या जागी सह्याद्री उभा राहतो. रेंजला किमान रुंदी असावी, हे कलम म्हणूनच बहुतेक लायब्रऱ्यांत कुठे ना कुठे दडलेले असते. जेफ्रीचार्टच्या संख्या-अक्षात ती आधीपासून ०.०००००००१ आहे. शून्याने भागणे टाळायला ती पुरते, थरथर झाकायला पुरत नाही.

किमान-कमाल हाती आले, की पुढचा प्रश्न ‘गोल’ आकड्यांचा. आकडे १३७ ते ८६२ असले तर अक्षावर १३७, ३१८.२५, ४९९.५ अशा खुणा कोणालाच नकोत. हा प्रश्न चित्रे काढणाऱ्या संगणकांइतकाच जुना आहे. डिक्सन आणि क्रॉनमल यांनी १९६५ साली आलेखाचा आरंभबिंदू आणि प्रमाण कसे निवडावे यावर निबंध लिहिला. १९७३ मध्ये लेवार्ट यांनी यासाठी तीन अल्गोरिदम प्रसिद्ध केले, १९७६ मध्ये संख्याशास्त्रज्ञ जॉन नेल्डर यांनी आणखी एक दिला. पण घराघरांत पोचला तो पॉल हेकबर्ट यांचा. अँड्र्यू ग्लासनर यांनी संपादित केलेल्या ‘ग्राफिक्स जेम्स’ या १९९० च्या संग्रहात तो आला. तो इतका छोटा आहे, की आज इंटरनेटवर कोणत्याही भाषेत फिरणारा ‘नाइस नंबर’चा कोड बहुधा त्याचाच नातेवाईक निघतो.

त्याच्या मुळाशी कल्पना अशी, की खुणांमधले अंतर १, २ किंवा ५ गुणिले दहाचा घात एवढेच असावे. आपल्या पाकिटातल्या नोटा याच हिशेबाच्या आहेत. दहा, वीस, पन्नास, शंभर, दोनशे, पाचशे. २०१७ च्या ऑगस्टमध्ये दोनशेची नोट आली तेव्हा शंभर आणि पाचशेमधली रिकामी पायरी भरली गेली. प्रत्येक पायरी आधीच्या दुपटीची किंवा अडीचपटीची, त्यामुळे कोणतीही रक्कम थोड्या नोटांत बसते आणि डोक्यात बेरीज करता येते. आलेख वाचणाराही डोक्यात तेच करत असतो.

हेकबर्टची पद्धत हाताने करून पाहू. आकडे १३७ ते ८६२, खुणा हव्यात सुमारे पाच. फरक ७२५. तो वरच्या गोल आकड्याला नेला की १०००. पाच खुणांत चार अंतरे, म्हणून एक अंतर २५०. ते जवळच्या गोल आकड्याला आणायचे. २.५ हा ३ पेक्षा लहान, म्हणून २, म्हणजे अंतर २००. आता खालचे टोक २०० च्या पटीत खाली सरकवले की ०, वरचे टोक वर सरकवले की १०००. खुणा शून्यापासून हजारापर्यंत सहा. मागितल्या पाच, मिळाल्या सहा. इथे खुणांची संख्या ही विनंती असते, हुकूम नव्हे. दुसरे उदाहरण जास्त बोलके आहे. आकडे १०१ ते ५०२. याच रीतीने अंतर येते १०० आणि अक्ष होतो १०० ते ६००. पाचशेच्या वर केवळ दोन एकके डोकावली, तर त्यासाठी अक्षाचा पाचवा हिस्सा रिकामा गेला. उद्या तो आकडा ४९९ झाला तर अक्ष अचानक ५०० वर थांबेल, आणि शेजारी-शेजारी ठेवलेले कालचे व आजचे चित्र वेगवेगळ्या प्रमाणांत दिसेल. कोड बरोबर, पण तुलना गेली.

पुढे लीलंड विल्किन्सन यांनी ‘द ग्रामर ऑफ ग्राफिक्स’ (१९९९) या पुस्तकात हा प्रश्न गुणांकनाचा करून टाकला. अनेक संभाव्य खुणासंच तपासायचे, प्रत्येकाला साधेपणा, व्याप्ती वगैरेंचे गुण द्यायचे, आणि पहिला येईल तो निवडायचा. टॅलबट, लिन आणि हॅनरहन यांनी २०१० मध्ये त्यात सुधारणा केली. पसंतीच्या अंकांची त्यांची यादी १, ५, २, २.५, ४, ३ अशी आहे, आणि लेबल वाचता येते की नाही यालाही त्यांनी गुण ठेवले. काम देखणे आहे. पण रोजच्या वापरात हेकबर्टने भागते, असे माझे मत. खुणा दोन-चार कमी-जास्त झाल्याने वाचक फसत नाही. तो फसतो टोके चुकल्याने.

गोल आकड्यांच्या कोडमध्ये एक छुपा खड्डा आहे, आणि तिसरे प्रकरण पूर्णपणे त्यालाच दिले आहे. ०.१ ही संख्या संगणकाच्या द्विमान पद्धतीत नेमकी मावत नाही. त्यामुळे ०.१ आठ वेळा मिळवली की ०.८ ऐवजी ०.७९९९९९९९९९९९९९९९ हाती येते, आणि लेबलवर तशीच छापली गेली तर ग्राहकाचा फोन येतो. मिळवत जाण्याऐवजी गुणले तरी सुटका नाही, कारण ०.१ गुणिले ३ चे उत्तर ०.३०००००००००००००००४ येते. डी३ ने यावर सुंदर युक्ती केली आहे. अंतर एकाहून लहान असले तर ती अंतराचा व्यस्त, म्हणजे १०, उणे चिन्ह लावून बाळगते आणि गुणण्याऐवजी त्या पूर्णांकाने भागते. तीन भागिले दहा बरोबर ०.३ येते. भागाकारात टोकांचेही वांधे होतात. ०.३ भागिले ०.१ चे उत्तर तीनला किंचित कमी येते. ते खालच्या पूर्णांकाला नेले की दोन, आणि अक्ष उगाच एक पायरी खाली उतरतो. दहाचा घात काढताना हाच घोटाळा होतो. जावास्क्रिप्टमध्ये १००० चा नैसर्गिक लॉगरिथम दहाच्या लॉगरिथमने भागला तर ३ ऐवजी २.९९९९९९९९९९९९९९९६ मिळते.

टोके गोल करायची की नाही, यावरच मुळात दोन घराणी आहेत. आर ही भाषा किमान-कमालच्या दोन्ही बाजूंना चार-चार टक्के मोकळी जागा सोडते आणि त्यात बसतील तेवढ्याच गोल खुणा मारते. टोक खुणेवर पडलेच पाहिजे असा तिचा आग्रह नाही. जीजीप्लॉट२ मध्ये ही जागा पाच टक्के. मॅटप्लॉटलिब पूर्वी टोके गोल आकड्यांना चिकटवत असे. २०१७ च्या २.० आवृत्तीत तिने घराणे बदलले आणि पाच टक्क्यांचा समास स्वीकारला. त्या दिवशी जगभरच्या कितीतरी जुन्या प्रोग्रॅम्समधली चित्रे, एक ओळही न बदलता, बदलली. विल्यम क्लीव्हलंड यांनी १९८५ च्या ‘द एलिमेंट्स ऑफ ग्राफिंग डेटा’ मध्ये समासाची बाजू मांडली होती. बिंदू अक्षाच्या रेघेवर बसला तर तो दिसत नाही, हे त्यांचे कारण. एडवर्ड टफ्टी यांनी त्याआधी दोन वर्षे नेमके उलटे सुचवले होते. अक्षाची रेघ किमानापासून कमालपर्यंतच ओढावी, म्हणजे रेघच रेंज सांगेल. टफ्टींची सूचना वाचायला मोहक आहे, पण लायब्ररीची आधीपासूनची सेटिंग म्हणून ती कोणी स्वीकारली नाही, हे बरेच झाले.

समासाचा नियम स्तंभांना लावला की लगेच खटकते. शून्याच्या खाली पाच टक्के जागा सोडली तर स्तंभ तळाला न टेकता अधांतरी लटकतात. म्हणून मॅटप्लॉटलिबमध्ये स्तंभ काढणारा भाग ‘माझी ही कड चिकट आहे’ असे अक्षाला कळवतो, आणि त्या कडेला समास मिळत नाही. इथे पहिल्यांदा दिसते, की रेंज ठरवण्यात आकृतीला मत आहे.

शून्याचा वाद याच वाटेने जातो. डॅरेल हफ यांच्या १९५४ च्या ‘हाउ टू लाय विथ स्टॅटिस्टिक्स’ पासून एक शिकवण रुजली, की अक्ष शून्यापासून सुरू न करणारा लबाड. ही शिकवण अर्धीच बरोबर आहे. स्तंभात आपण लांबी वाचतो. ९६ आणि ९८ यांचे स्तंभ ९५ पासून काढले तर एक दुसऱ्याच्या तिप्पट दिसतो, आणि ती शुद्ध थाप आहे. रेघेच्या आलेखात मात्र आपण चढ-उतार वाचतो. हवाईतल्या मौना लोआ इथे १९५८ पासून हवेतल्या कार्बन डायऑक्साइडची नोंद होते. सुरुवातीला तो दशलक्षात ३१५ च्या आसपास होता, आता ४२० च्या पुढे गेला आहे, आणि दरवर्षी ऋतूंबरोबर काही एककांनी वर-खाली होतो. तो आलेख शून्यापासून काढला तर वाढ कशीबशी दिसेल, पण ऋतूंची ती करवतीसारखी नक्षी जवळपास पुसली जाईल. उलट बाजूचे उदाहरण अमेरिकेतल्या ‘नॅशनल रिव्ह्यू’ या नियतकालिकाचे. डिसेंबर २०१५ मध्ये त्याने पृथ्वीच्या सरासरी तापमानाचा एक आलेख ट्विटरवर टाकला. अक्ष उणे १० ते ११० अंश फॅरनहाइट. शतकाहून अधिक काळाची तापमानवाढ त्यात सरळ आडवी रेघ दिसत होती. आकडे खोटे नव्हते आणि शून्यही अक्षावर होते. पण फॅरनहाइटच्या शून्याला या प्रश्नात काही अर्थच नाही, आणि पृथ्वीची सरासरी ११० अंश होण्याची वाट कोणी पाहत नाही.

लायब्रऱ्या या वादात काय करतात? एक्सेलचा नियम मजेदार आहे. किमान आणि कमाल यांतला फरक कमालच्या १६.६६७ टक्क्यांहून जास्त असेल तर अक्ष शून्यापासून, नाहीतर नाही. म्हणजे कमाल १०० असताना किमान ८३ असले तर शून्य आहे, ८४ झाले की शून्य गायब. जेफ्रीचार्टचा संख्या-अक्ष आधीपासून शून्य धरूनच चालतो, आलेख रेघांचा असो वा स्तंभांचा. म्हणून तिच्यावर तापमानाचा किंवा शेअरच्या भावाचा आलेख पहिल्यांदा काढणाऱ्याची रेघ वर छताला चिकटून बसते, आणि मग तो ती सोय बंद करणारी ओळ शोधतो. माझ्या मते ही सेटिंग अक्षावर ठेवायलाच नको होती. शून्य हवे की नको हे अक्षाला कळत नाही, ते स्तंभाला कळते.

गंमत अशी, की बाकीच्या बाबतीत जेफ्रीचार्टनेच हे सर्वांत नीट ओळखले होते. डेव्हिड गिल्बर्ट यांनी २००० साली सुरू केलेली ही लायब्ररी जावाच्या जगात अजून वापरात आहे, आणि या पुस्तकाचा कणा मी तिच्या रचनेवरच उभा केला आहे. तिथे रेंज काढणे हा एक संवाद असतो. अक्ष प्लॉटला विचारतो, माझ्या वाट्याला आलेल्या माहितीची रेंज काय? प्लॉट त्या अक्षाला जोडलेले सगळे संच गोळा करतो. पण तो आकड्यांना हात लावत नाही. प्रत्येक संचासाठी तो रेंडररला विचारतो, म्हणजे प्रत्यक्ष चित्र काढणाऱ्या भागाला, की हे आकडे काढायला तुला कुठून कुठपर्यंत जागा लागेल? सगळ्यांची उत्तरे जोडून एक रेंज होते, आणि मग अक्ष त्यावर समास, शून्य, किमान रुंदी हे आपले संस्कार करतो.

ही वळसा घेणारी रचना का लागते, ते एकावर एक रचलेल्या स्तंभांत दिसते. समजा एका महिन्याचे तीन आकडे आहेत : ३०, ४० आणि उणे २०. साधे किमान-कमाल सांगते उणे २० ते ४०. बेरीज केली तर ५०. पण रचलेला स्तंभ काढताना अधिक आकडे शून्याच्या वर एकमेकांवर चढतात आणि उणे आकडे खाली उतरतात, म्हणून जागा लागते उणे २० ते ७०. आकडे तेच तीन. शेजारी-शेजारी स्तंभ असते तर पहिलेच उत्तर बरोबर होते. चुकांच्या दांड्या काढायच्या असतील तर सरासरी १२ आणि विचलन ५ असताना जागा ७ ते १७ ची लागते, आणि १७ हा आकडा माहितीत कुठेच लिहिलेला नसतो. शेअर बाजाराच्या कँडलस्टिकमध्ये बंद भावाची रेंज काढली तर दिवसाच्या उच्चांक-नीचांकाच्या वाती कापल्या जातात. सगळ्यांत गमतीचा प्रकार गुळगुळीत वक्राचा. बिंदूंमधून स्प्लाइन ओढली तर ती दोन बिंदूंच्या मध्ये सर्वोच्च बिंदूच्याही वर फुगू शकते. जिथे एकही आकडा नाही अशा ठिकाणी रेघ जाते, आणि कमाल पाहून ठरवलेला अक्ष तिचे डोके छाटतो. डी३ मध्ये अशी फुगणार नाही अशी वक्ररेषा मुद्दाम दिली आहे.

बुडबुड्यांच्या आलेखाने मला सर्वांत जास्त छळले. बुडबुड्याची त्रिज्या पिक्सेलमध्ये दिली, तर तो कापला जाऊ नये म्हणून रेंज किती वाढवायची? पिक्सेलचे एकक कळायला रेंज हवी, आणि रेंज कळायला पिक्सेल. लेबलांचेही तसेच. रेंज मोठी झाली की लेबलांत अंक वाढतात, लेबले रुंद झाली की चित्राची जागा आक्रसते, जागा आक्रसली की खुणा कमी होतात, आणि टोके खुणांना चिकटवायची असतील तर रेंजच बदलते. बहुतेक लायब्रऱ्या एक-दोन फेऱ्या मारून थांबतात. नेमके उत्तर शोधत बसण्यापेक्षा ते शहाणपणाचे आहे.

दुसऱ्या बाजूला असे प्रश्न आहेत ज्यांत रेंडररलाही मत देता येत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिमी पाऊस पडला. त्या पावसाळ्याचा रोजचा आलेख काढला तर अक्ष हजारावर जातो आणि इतर दिवस तळाशी गवतासारखे दिसतात. तो दिवस दाखवायचा आहे की बाकीचे? लायब्ररीने असा आकडा परस्पर वगळून रेंज काढावी, असे सुचवणारे लोक भेटतात. मी त्यांच्या विरोधात आहे. टोकाचा आकडा गिळून टाकणारा अक्ष हा शून्य न दाखवणाऱ्या अक्षापेक्षा वाईट, कारण तिथे वाचकाला निदान खालचा आकडा वाचून सावध होता येते. अक्ष तोडायचा, लॉगरिथमचा करायचा की दोन चित्रे काढायची, हे माणसाने ठरवावे. लॉगरिथमच्या अक्षाला स्वतःची अट आहे. तिथे शून्याला जागाच नाही, म्हणून किमान ऐवजी ‘शून्याहून मोठे असे सर्वांत लहान’ लागते. मॅटप्लॉटलिब ते वेगळे जपून ठेवते.

वेळेचा अक्ष एक-दोन-पाच जुमानत नाही. तिथे पायऱ्या ५, १५, ३० मिनिटांच्या, ३, ६, १२ तासांच्या, मग दिवस, आठवडा, महिना, तिमाही. भारतात काम करणाऱ्याला इथे एक खास ठेच लागते. आपली वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. लायब्ररीने जागतिक वेळेच्या मध्यरात्री दिवसाची खूण मारली तर ती आपल्याकडे पहाटे साडेपाचला पडते, आणि दिवसाची बेरीज दाखवणारे स्तंभ खुणांपासून सरकलेले दिसतात. वर्षाची खूण जानेवारीत पडते, आणि आपल्या हिशेबाचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते. तिमाह्यांचे महिने नशिबाने जुळतात. संख्यांच्या लेबलांत लाख-कोटी हवे असतील तर ते बहुतेकदा आपणच लिहावे लागतात, नाहीतर दीड कोटीच्या जागी ‘१५ एम’ छापले जाते. पायरी मात्र बदलावी लागत नाही. लाख आणि कोटी हेही दहाचेच घात, त्यामुळे हेकबर्ट इथे जसाच्या तसा चालतो.

शेवटची तीन प्रकरणे हलत्या आलेखांची आहेत. नवा आकडा आला की कमाल वाढवणे सोपे आहे. जुना आकडा खिडकीबाहेर गेला आणि तोच कमाल असला, तर पुन्हा सगळी यादी चाळावी लागते. जेफ्रीचार्टची मालिका हेच करते. किमान-कमाल जवळ बाळगते, आणि काढलेला आकडा त्यांपैकी एक असला तरच नव्याने मोजते. लाखो बिंदूंसाठी याहून चांगली युक्ती सरकत्या खिडकीच्या रांगेची आहे, ती कोडसह दिली आहे. पण वेग हा तिथला अर्धाच प्रश्न. दर सेकंदाला आपले प्रमाण बदलणारा अक्ष पाहवत नाही. रेघ स्थिर असते आणि आकडे नाचतात. म्हणून रेंज वाढताना लगेच वाढू द्यायची आणि आक्रसताना रेंगाळू द्यायची, असा नियम मी वापरतो. झूमच्या बाबतीत मत देणे अवघड आहे. आडव्या अक्षावर एक तुकडा मोठा केला, तर उभ्या अक्षाने दिसणाऱ्या तुकड्यापुरती रेंज घ्यावी की पूर्ण संचाची ठेवावी? व्यापाऱ्याला पहिले हवे असते, डॉक्टरला बहुधा दुसरे. लपवलेल्या मालिकेचेही तेच. ती रेंजमध्ये धरली तर रिकामी जागा उरते, न धरली तर टिचकी मारताच बाकीच्या रेघा उड्या मारतात. दोन्ही सोयी ठेवाव्यात आणि कोणती चालू आहे हे वापरणाऱ्याला दिसावे, एवढेच मला सांगता येते.

नकाशे, त्रिमिती चित्रे आणि गोल अक्षांचे आलेख यांना या पुस्तकात जागा दिलेली नाही. कोड जावात आहे, पण भाषेचे कौशल्य फारसे लागत नाही. लूप आणि क्लास समजत असले तर पुरे. ज्यांना किमान-कमालच्या खाचाखोचा पाठ आहेत त्यांनी थेट चौथ्या प्रकरणापासून, म्हणजे रचलेल्या स्तंभांपासून सुरुवात करावी. तिथे दिलेला ३०, ४०, उणे २० चा संच आपण रोज वापरतो त्या लायब्ररीत आधी घालून पाहावा, आणि तिचा अक्ष कुठे थांबतो ते लिहून ठेवून मगच पुढे वाचावे.